वचनांची वही आणि घड्याळांचा डबा

"शेवटचं नीट कधी पाहिलंत यांना?"

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. मी म्हटलं, रात्री साडेदहाला, दिवा मालवताना. सकाळी सहाला उठवायला गेले तेव्हा यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली होती. उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पांघरुणावर पडला होता. डोळे उघडे होते. हाक मारली तर माझ्याकडे बघत होते, पण तोंडातून नुसता आवाज येत होता, शब्द नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झटका झोपेत नेमका कधी आला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे ते देता आलं नाही. मी शेजारीच झोपले होते. "मी शेजारीच झोपले होते" हे पुढे कित्येक महिने माझ्या मनातून हललं नाही.

याला आता अडीच वर्षं झाली. त्या काळात देवाच्या वचनांवर विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचं, हे मी जवळजवळ पहिल्यापासून शिकले. तोवर मला वाटायचं की ते मला येतं. लहानपणापासून देवळात जाते, शास्त्र म्हणजे बायबल वाचते, कुणाच्या घरी दुखणं असलं की वचन घेऊन जाते. दुसऱ्याच्या अंथरुणाशी बसून वचन वाचणं आणि आपल्या माणसाच्या अंथरुणाशी बसून ते ऐकणं यात किती अंतर आहे ते मला कळलं नव्हतं.

दवाखान्यातल्या दुसऱ्या रात्री मी एक वही केली. ओळखीच्या लोकांकडून वचनं येत होती, फोनवर, चिठ्ठीवर, तोंडी. आलं की मी लिहून घ्यायची. यिर्मया 29:11 तर सहा जणांनी पाठवलं, "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." यशया 43 मधलं पाण्यातून चालण्याचं. यशया 53 मधलं फटक्यांचं आणि आरोग्याचं. पंधरवड्यात वहीची बावीस पानं भरली. प्रत्येक वचनाखाली मी एक ओळ स्वतःच्या अक्षरात घालायची: म्हणजे हे चालतील. म्हणजे हे बोलतील. म्हणजे हे दुकानात जाऊन बसतील.

यांचं घड्याळदुरुस्तीचं लहानसं दुकान. सव्वीस वर्षं तिथे एकाच खुर्चीत बसून यांनी काम केलं. डोळ्याला भिंग लावायचं, उजव्या हातात चिमटा धरायचा आणि तांदळाच्या कणीएवढा स्क्रू जागेवर बसवायचा. उजवा हातच सगळा व्यवसाय होता.

एका प्रार्थनासभेत एकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, तुमचा माणूस आपल्या खुर्चीत बसलेला असेल. तेही मी वहीत उतरवलं, वर तारीख घातली आणि खाली दोन रेघा मारल्या. आल्यागेल्याला सांगू लागले. दुकानाचं भाडं साठवलेल्या पैशातून भरत राहिले. ग्राहक विचारायचे, घड्याळ कधी मिळेल? मी सांगायची, ते आले की. दुकानात एक पत्र्याचा डबा होता. त्यात दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर यांचं बारीक, सरळ अक्षर. तो डबा मी घरी आणून कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींच्या मागे ठेवला. घड्याळं परत करणं म्हणजे हार मानणं, असं तेव्हा मला वाटत होतं.

सण आला आणि गेला. त्या दिवशी हे धरून धरून पलंगाच्या कडेला चार मिनिटं बसले. फिजिओथेरपिस्ट ताईंनी टाळ्या वाजवल्या. मी आत जाऊन वही मिटली आणि दोन महिने उघडली नाही.

ते दोन महिने मला नीट सांगता येणार नाहीत. प्रार्थना थांबली होती. कामं चालूच होती, कारण ती थांबवता येत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. पहिल्या महिन्यांपासून मी रात्री गजर लावायची, बारा, दोन, चार. एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली, गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीवर टेकू द्यायच्या नाहीत. एवढं झालं की परत आडवं व्हायचं. देवाशी माझं भांडणही नव्हतं. भांडायला समोर कुणीतरी असावं लागतं, आणि मला समोर कुणी दिसत नव्हतं. शास्त्रातली एकच गोष्ट त्या दिवसांत वाचू शकले, स्तोत्र 88. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे येता येता आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारावरच संपतं. एवढी काळोखी प्रार्थना कुणीतरी शास्त्रातून काढून टाकली नाही, तशीच राहू दिली, याचा मला फार आधार वाटला. का, ते तेव्हा समजत नव्हतं.

आमच्या मंडळीत एक वयस्क बाई आहेत. सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्या आल्या, यांच्याजवळ बसल्या, यांचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बोटं एकेक करून सोडवू लागल्या. लकवा झालेल्या हाताची मूठ आवळत जाते, ती रोज हळूहळू उघडावी लागते. मावशींनी कधीतरी कुणाचं तरी हे केलं असणार, त्यांचा हात सवयीचा होता. जाताना त्या मला म्हणाल्या, "वही दाखव."

मी म्हटलं, "मावशी, त्यातलं काही खरं झालं नाही."

त्या म्हणाल्या, "बघू या की. देव काय म्हणाला होता ते आधी बघू."

मग पुढचे सात-आठ गुरुवार आम्ही दोघी ती वही घेऊन बसलो. रीत साधी होती. एकेक वचन घ्यायचं आणि त्याच्या आधीचा आणि नंतरचा पूर्ण अध्याय वाचायचा. हे कुणाला सांगितलं आहे? कोणत्या वेळी? आणि नेमकं काय देईन म्हटलं आहे, शब्दाला शब्द? माझ्या अक्षरातली खालची ओळ झाकून ठेवायची.

यिर्मया 29 ला आलो तेव्हा मला धक्का बसला. ते वचन मला तोंडपाठ होतं, पण त्याच्या वरचं, दहावं वचन मी कधी लक्ष देऊन वाचलंच नव्हतं. ते पत्र आहे. यरुशलेमेहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं. आणि त्यात देव म्हणतो की 70 वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन. सत्तर! ज्यांच्यासमोर ते पत्र वाचलं गेलं त्यांतले बहुतेक मोठे लोक परतीचा दिवस बघणार नव्हते. हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा अठ्ठाविसाव्या अध्यायात दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं सांगत होता, आणि तो खोटा ठरला. मला त्या प्रार्थनासभेतला माझ्या डोक्यावरचा हात आठवला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही, त्यांना माझं दुःख बघवलं नसेल. पण मुदत त्यांनी घातली होती, देवाने नाही, आणि तिच्याखाली दोन रेघा मी मारल्या होत्या.

त्याच पत्रात पाचव्या वचनापासून बघा काय सांगितलंय. घरं बांधून राहा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. म्हणजे वचन आलं ते कामाच्या यादीसकट. बाबेलमध्येच राहायचंय असं धरून जगा, आणि तरी तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत यावर भरवसा ठेवा. मी मात्र आठ महिने सामान बांधून दारात बसल्यासारखी होते.

यशया 43 ला पाणी आहे, नद्या आहेत, आग आहे. त्यांतून जाशील "तेव्हा" मी तुझ्याबरोबर असेन, असं आहे. वळसा घालून नेईन असं नाही. मावशींनी ते वाचलं आणि गप्प बसल्या. मी म्हटलं, "म्हणजे सोबत मिळेल एवढंच." त्या म्हणाल्या, "एवढंच?" त्यांनी ते कठोरपणे म्हटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांचे यजमान आणि एक मुलगा दोघेही गेलेले आहेत.

अशी गाळणी लावून वही संपली तेव्हा बावीस पानांची पाऊण पान झाली. काय उरलं ते सांगते. मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही. पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनंती केल्यावर त्याला मिळालेलं उत्तर, माझी कृपा तुला पुरे आहे. शेवटी मरण राहणार नाही आणि देव डोळ्यांचे अश्रू पुसून टाकील, हे प्रकटीकरणातलं. आणि स्तोत्र 121, इस्राएलाचा रक्षणकर्ता डुलकीही घेत नाही व झोपतही नाही. हे शेवटचं मी पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं. चारच्या गजराला उठले की ते दिसायचं. मी झोपले होते त्या रात्री तो जागा होता. मग त्याने मला उठवलं का नाही? हा प्रश्न मी त्याला विचारला, पुष्कळदा, आणि मोठ्याने. उत्तर मिळालेलं नाही. पण विचारायला समोर कुणीतरी होतं पुन्हा.

बरं होण्यासाठी प्रार्थना मी आजही करते. कुणी तिचा अर्थ चुकीचा घेऊ नये. देवाला अशक्य काही नाही असं मी मानते. मागणं वेगळं आणि त्याने दिलेला शब्द वेगळा, एवढंच मी शिकले. मागितलेलं मिळालं नाही तर दुःख होतं. पण त्याने दिलेला शब्द मोडला असं वाटलं, की माणूस आतून कोसळतं. मी कोसळले ते अशा शब्दासाठी, जो त्याने दिलाच नव्हता.

औषधांबद्दलही इथेच लिहिते, कारण ही गोष्ट जिवावर बेतू शकते. एकदा एकांनी मला सुचवलं की रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू ठेवणं म्हणजे विश्वासात कमी पडणं. मी क्षणभर डळमळले. त्या रात्री मी यशया 38 वाचला. हिज्कीया राजा मरणाला टेकलेला असताना देव त्याला 15 वर्षांचं आयुष्य वाढवून देतो. स्पष्ट वचन, वर्षांच्या आकड्यासकट. आणि त्याच अध्यायात यशया सांगतो की अंजिरांचा लेप करून गळवाला लावा म्हणजे तो बरा होईल. ज्याला देवाने स्वतः आयुष्याची हमी दिली त्यालाही लेप लावायला सांगितलं. गोळ्या आजही सकाळ-संध्याकाळ वेळेवर जातात. डॉक्टरांना न विचारता त्या बंद करणं म्हणजे पुन्हा झटक्याला दार उघडून देणं आहे, हे जो कुणी विश्वासाच्या नावाने सांगेल त्याचं कृपा करून ऐकू नका.

वही झाली, आता पुढे काय, हे मला कळेना. मी मावशींना विचारलं, मग मी करू काय? त्यांनी यिर्मया 32 वाचायला सांगितलं.

हा अध्याय मी इतक्या वेळा वाचलाय की माझ्या शास्त्रात ते पान आपोआप उघडतं. सिद्कीया राजाचं दहावं वर्ष. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलाय. यिर्मया स्वतः राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, कारण नगर पडणार असं तो सांगत होता. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमेपासून पाचेक किलोमीटरवर, वेढ्याच्या बाहेर. म्हणजे शत्रूच्या पायाखालची जमीन. आणि यिर्मयाला तर पक्कं माहीत होतं की सत्तर वर्षं काही खरं नाही. त्याला बायको नाही, मूल नाही, देवानेच त्याला लग्न करू नको म्हणून सांगितलं होतं. त्याच गावच्या लोकांनी पूर्वी त्याला मारायचा कट केला होता. असं ते शेत.

तो 17 शेकेल रुपं तोलून देतो. आणि मग शास्त्र थांबून थांबून सगळं सांगतं, घाई करत नाही. खरेदीखत लिहिलं. सही केली. शिक्का मारला. साक्षीदार बोलावले. ताजव्यात रुपं तोललं. एक खत मोहरबंद, एक उघडं, दोन्ही नेरीयाचा मुलगा बारूख याच्या हाती दिली आणि सर्वांसमोर सांगितलं, ही मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील.

हे सगळं झाल्यावर, खत बारूखाच्या हाती दिल्यावर, यिर्मया प्रार्थना करतो. आणि प्रार्थनेचा शेवट काय? नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती गेलंय, आणि तू मला म्हणालास पैसे देऊन शेत घे! त्याला समजलेलं नाही. आधी सगळी उत्तरं मिळाली आणि मग सही केली असं त्याने केलं नाही. सही केली, आणि न समजलेलं घेऊन देवाकडे गेला. मी इतकी वर्षं उलटं धरून चालले होते. आधी मन शांत होऊ दे, खात्री वाटू दे, मग पाऊल टाकीन. इस्राएल लोक यार्देन नदी उतरतानाही तसंच झालंय. यहोशवाच्या तिसऱ्या अध्यायात कापणीचे दिवस आहेत, नदी दोन्ही तीर भरून वाहतेय, आणि देवाच्या कराराचा कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्याच्या कडेला बुडाल्यावर पाणी थांबलं. थांबलं तेही दूर, वरच्या अंगाला, आदाम नगराजवळ. उभे होते तिथून ते दिसलंही नसेल.

मी कपाटातून घड्याळांचा डबा काढला.

माझ्या हातात घेण्यासारखं शेत नव्हतं. देण्यासारखी एकतीस घड्याळं होती. लोकांनी भरवशाने दिलेली, आणि मी माझ्या आशेसाठी अडवून ठेवलेली. त्यांतली काही लोकांच्या वडिलांची असणार, कुणाच्या लग्नातली असणार. दुकान सोडायचं मी ठरवलं. भाड्यात जाणारे पैसे यांच्या उपचाराला लागणार होते. सोडताना रडले, पण आता देवाने शब्द मोडला असं वाटलं नाही. दुकान त्या पाऊण पानावर नव्हतं.

डबा मी यांच्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला. तोवर हे खुर्चीत बसू लागले होते. समजतं सगळं, पण शब्द बाहेर पडत नाही. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. कपाकडे बोट दाखवून "दार" म्हणतील, आणि आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळतं, तेच फार जीवघेणं. आमचं लग्न झाल्यापासून जो माणूस मला दिवसातून पन्नासदा हाक मारायचा, त्याला माझं नाव सापडत नव्हतं. डबा उघडल्यावर हे बराच वेळ नुसते बघत राहिले. मला वाटलं, चुकलंच माझं. मग डावा हात पुढे झाला. एक घड्याळ उचललं, कानाशी नेलं, हलवलं आणि टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलं. दुसरं उचललं, उजव्या कडेला. मला कळेना. तिसऱ्या-चौथ्याला लक्षात आलं: डावीकडे दुरुस्त झालेली, उजवीकडे राहिलेली. काही चिठ्ठ्यांचे दोरे सुटून सगळ्या एकत्र झाल्या होत्या. यांनी चिठ्ठ्या वाचल्या नाहीत, तेव्हा वाचताही येत नव्हतं. पण घड्याळ उलटं करून मागचा ओरखडा बघायचे आणि चिठ्ठ्यांवरची चित्रासारखी ओळख लावून बोट ठेवायचे. मी पट्टा पुसून चिठ्ठी बांधायची. दोन दिवस लागले. यांच्या कपाळावर ती जुनी आठी पडली होती, भिंग लावताना पडायची ती. झटक्यानंतर ती मी पहिल्यांदा पाहिली.

मग मी घरोघरी गेले. दुरुस्त झालेली दिली, न झालेली तशीच परत केली आणि उशिराबद्दल माफी मागितली. एकांनी रागावून घेतलं, ते बरोबरच होतं. बहुतेकांनी यांची चौकशी केली. एका आजोबांनी घड्याळ हातात बांधलं आणि तिथेच उभं राहून यांच्यासाठी प्रार्थना केली, आमच्या धर्माचे नसूनही.

या फेऱ्यांनी आणखी एक झालं. तोवर मी कुणाकडे काही मागत नव्हते. मदत मागणं म्हणजे देवावर भरवसा नसणं असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. पण दारोदार माफी मागत फिरल्यावर मागण्याची लाज गेली. मंडळीतल्या चौघांना मी सरळ विचारलं, आठवड्यातून एकेक रात्र कूस बदलायला याल का? आले. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातल्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून नेलं होतं, छप्पर उकरून खाली सोडलं होतं, आणि येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असं लिहिलंय. खाटेवरच्या माणसाबरोबर उचलणाऱ्यांचाही. निर्गम 17 मध्ये मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरले आणि सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले. आमच्या पाळकांनी मला सांगितलं की तिथे "स्थिर" यासाठी जो इब्री शब्द आहे, एमूना, तोच शास्त्रात इतरत्र विश्वास, विश्वासूपणा यासाठी येतो. हे ऐकल्यापासून माझा एक मोठा भार गेला. माझं मन किती खात्रीने भरलंय हे रोज तपासत बसण्याची गरज नव्हती. हात वर राहिले पाहिजेत, कुणी धरले तरी चालतील.

त्या चार रात्री मी सलग सहा तास झोपले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला शब्द आपोआप आले.

मी एका शाळेच्या कार्यालयात नोकरी धरली. धाकटी मुलगी कॉलेज सांभाळून दुपारी यांना बघते. व्यायाम रोज सकाळी, चाळीस मिनिटं. खांदा, कोपर, मनगट, बोटं, मग धरून उभं राहणं. काही महिने असे गेले की रोज तेच केलं आणि तिळभर फरक दिसला नाही. अशा दिवसांत मी मनात म्हणायची, हे आज शिक्का मारण्याचं काम, भांड्यात ठेवण्याचं काम. आज हे काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. उजवा पाय थोडा फरफटतो. उजवा हात खांद्यापर्यंत उठतो, बोटं मात्र काम करत नाहीत आणि आता फारशी करतील असं डॉक्टर म्हणत नाहीत.

बोलण्याचं मात्र सांगायलाच हवं. एका रविवारी घरी प्रार्थना होती, पाच-सहा जण होते. लहानपणापासूनचं एक गीत सगळे गाऊ लागले आणि माझ्या शेजारून आवाज आला. यांचा. शब्द स्पष्ट, पूर्ण कडवं. खोलीतले एकेक जण गायचे थांबले, हे गात राहिले. गीत संपल्यावर पाणी हवं होतं, तर "पाणी" म्हणता आलं नाही. स्पीच थेरपिस्टनी समजावलं की बोलण्याची केंद्रं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतात, गाण्याला उजव्या बाजूचाही आधार मिळतो, आणि वर्षानुवर्षं तोंडात घोळलेलं गीत किंवा प्रार्थना अशा आजारातही पुष्कळदा शाबूत राहते. सुरावर शब्द ठेवून बोलायला शिकवण्याची उपचारपद्धतीच आहे. मग आम्ही तसा सराव सुरू केला. "पाणी" दोन सुरांत. माझं नाव दोन सुरांत. ते अकरा आठवड्यांनी आलं, पहाटे, कूस बदलताना, आणि चाल न लावता.

कारण समजलं म्हणून मला त्यात देवाचा हात कमी दिसला नाही. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी एका लहान मुलाला प्रभूची प्रार्थना पाठ करायला लावली होती, आणि ती त्याच्या आत अशा जागी जाऊन बसली की गुठळीला तिथे पोचता आलं नाही. त्या माणसाला ते कधी कळणारही नाही.

यिर्मयाचं पुढे काय झालं ते मी शोधून वाचलं. त्याने ते शेत कधी नांगरलं नाही. नगर पडल्यावर लोकांनी त्याला मिसर देशात नेलं, त्याच्या मर्जीविरुद्ध. पण एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परत आलेल्यांची लांबलचक यादी आहे. अशा याद्या मी नेहमी गाळून पुढे जायची. तिथे तेविसाव्या वचनात एवढंच आहे: अनाथोथचे लोक 128. मी ते मोठ्याने वाचलं. हे पलंगावर पडले होते, त्यांनी डावा हात वर केला आणि खूण केली, पुन्हा वाच.

एकतीसपैकी एक घड्याळ राहिलंय. त्याला चिठ्ठी नव्हती आणि यांनाही मालक आठवला नाही, नुसती मान हलवली. चावीचं जुनं घड्याळ आहे, रोज किल्ली द्यावी लागते. ते दुरुस्त झालेल्यांच्या बाजूचं. मालक आला तर चालू मिळायला हवं, म्हणून मी रात्री किल्ली द्यायची. गेल्या हिवाळ्यात यांनी ते माझ्या हातून घेतलं. घड्याळ दोन गुडघ्यांच्या मध्ये घट्ट धरतात, डाव्या हाताच्या दोन बोटांनी किल्ली फिरवतात, निसटतं, पुन्हा धरतात. मग कानाशी नेऊन ऐकतात आणि माझ्या कानाशी धरतात. मग आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणतो. मध्येच कुठेतरी यांचा शब्द अडकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, "हे आमच्या स्वर्गातील पित्या". पूर्वी अडकले की मी शब्द पुरवायची. आता पुरवत नाही, थांबते. काल तीनदा पहिल्यापासून म्हटली.